पासवर्ड नक्की कधी तपासायचा? प्रोग्रॅम उघडताना, की पहिलं काम पडल्यावर?

सातारी_कंदी (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:१५

मंडळी, गेले तीन दिवस आमच्या चार टाळक्यांच्या ऑफिसात या एकाच विषयावरून धुसफूस चाललीय. शेवटी इथे आणतोय.

आम्ही पतसंस्थांसाठी एक प्रोग्रॅम करतो. डॉटनेटमध्ये लिहिलेला, डेस्कटॉपवर चालणारा, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. शाखेतल्या प्रत्येकाला डेटाबेसचाच युजर दिलाय, म्हणजे लॉगिनच्या चौकटीत जे टाकतात तेच थेट सर्व्हरकडे जातं. आजवरची पद्धत अशी की नाव-पासवर्ड घ्यायचा, मेमरीत ठेवायचा आणि खरं कनेक्शन पहिली क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) जाईल तेव्हाच उघडायचं. कारण शाखांमधली मशिनं जुनी आणि लाइन त्याहून जुनी. निदान पडदा तरी झटकन उघडावा.

गुरुवारी एका शाखेतून फोन आला. बाईंनी सकाळी लॉगिन केलं, सोनेतारण कर्जाचा अर्ज भरायला घेतला. दोन जामीनदार, दागिन्यांची यादी, एकेका बांगडीचं ढोबळ वजन, निव्वळ वजन, सोनाराचा दाखला. वीस मिनिटं टंकत होत्या. कर्जदार समोर बसलेला. 'सेव्ह' दाबलं आणि खिडकी आली, पासवर्ड चुकीचा. त्यावर आमच्या थोर कोडने फॉर्म पुसून टाकला आणि पुन्हा लॉगिनची चौकट दाखवली.

कॅप्स लॉक चालू होता, बस.

आता निम्मं ऑफिस म्हणतंय लॉगिनचं बटण दाबताक्षणी सर्व्हरकडून खात्री करून घ्या. उरलेलं निम्मं म्हणतंय आजची पद्धत बरोबर आहे, फक्त फॉर्म पुसू नका. तुमचा अनुभव काय?

रुमालराव | रविवार, रात्री १०:१९

रुमाल टाकून ठेवतो. बापू आले की बसतो.

लालपरी | रविवार, रात्री १०:३१

सोप्पं आहे. एसटीत कंडक्टर तुम्ही बसलात की तिकीट फाडतो. लोकलमध्ये टीसी भेटला तर भेटला, नाहीतर थेट दादरच्या पुलावर धरतो. तुमचा प्रोग्रॅम लोकल आहे. बाई कल्याणहून बसल्या आणि दादरला पकडल्या गेल्या.

कोपऱ्यातली_खुर्ची | रविवार, रात्री १०:४४

एक शंका. जामीनदार निवडताना सभासदांची यादी उघडली असेल ना? तेव्हाच क्वेरी जायला हवी होती. मग पासवर्ड तिथेच का अडला नाही?

सातारी_कंदी | रविवार, रात्री १०:५२

@कोपऱ्यातली_खुर्ची, बरोब्बर पकडलंत. सभासदांची आणि सोन्याच्या दरांची यादी आदल्या संध्याकाळी मशिनवरच उतरवून ठेवतो, लाइनचा भरवसा नाही म्हणून. त्यामुळे पूर्ण अर्ज भरेपर्यंत सर्व्हरशी एक अक्षरही बोलणं होत नाही.

डीबीए_बापू | रविवार, रात्री ११:२०

आलो. (रुमालराव, बसा.)

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्व्हरच्या बाजूने 'आत्ता या, ओळख नंतर बघू' असा प्रकार पोस्टग्रेसमध्ये नाहीच. तुम्ही दार वाजवलंत की तो पीजी एचबीए फाइल (कोणाला कसं आत घ्यायचं याची नियमयादी) वरून खाली वाचतो, तुमच्या पत्त्याला आणि युजरला लागू पडणारी पहिली ओळ धरतो आणि त्याप्रमाणे ओळख मागतो. मूळच्या सेटिंगला एक मिनिटाची मुदत असते. तेवढ्यात ओळख पटली नाही तर दार लावून घेतो. एकही क्वेरी त्याआधी चालत नाही. म्हणजे तुमचा प्रश्न 'पासवर्ड कधी तपासावा' हा नसून 'दार कधी वाजवावं' हा आहे, आणि ते सर्वस्वी तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात आहे.

माझं उत्तर: समोर माणूस बसलाय आणि त्याने आत्ताच पासवर्ड टंकलाय, तर त्याच क्षणी वाजवा. चूक सुधारणारा माणूस खुर्चीत आहे तोवरच त्याला चूक सांगायची असते.

गोफणवाला | रविवार, रात्री ११:३३

गो भाषेत येणारा प्रत्येक नवा गडी इथे एकदा तोंडावर आपटतो. तिथल्या डेटाबेस पॅकेजमधल्या फंक्शनचं नावच 'ओपन' आहे, आणि ते काहीही ओपन करत नाही! दिलेली माहिती फार तर वरवर चाळतं आणि 'सगळं ठीक' म्हणून परत येतं. पासवर्डच्या जागी 'भेळपुरी' लिहा, तरी एरर नाही. खरं कनेक्शन पहिली क्वेरी किंवा 'पिंग' (नुसती 'आहेस का?' अशी हाक) केल्यावर. आमच्याकडे एकाने ओपननंतर मोठ्या हौसेने लॉगमध्ये 'डेटाबेस जोडला गेला' असं लिहिलं होतं. दोन तास आम्ही ती ओळ खरी मानून नेटवर्कवाल्यांना शिव्या घालत होतो.

अजगरबुवा | रविवार, रात्री ११:५०

पायथन भाषेतून मोंगो हा डेटाबेस वापरणाऱ्यांचं उलटं झालं. त्या दोघांना जोडणाऱ्या पायमोंगोच्या जुन्या आवृत्तीत क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा भाग) बनवतानाच तो सर्व्हर गाठायचा, पासवर्ड चुकला तर तिथेच ओरडायचा. २०१५ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि क्लायंट बनवणं लगेच परतू लागलं. जोडणी मागच्या थ्रेडवर होते, चुकीच्या पासवर्डची बोंब पहिल्या खऱ्या कामाला.

तेव्हा मीही चिडलो होतो, पण कारण पटण्यासारखं आहे. मागे एक सर्व्हर नसतो, तीन-पाच जणांचा संच असतो. त्यातला एखादा आज आजारी, मुख्य कोण ते मतदानाने बदलतं. अशा वेळी 'जोडलं गेलंय का' या प्रश्नाला सुरुवातीला एकदाच दिलेलं उत्तर दहा सेकंदांत शिळं होतं. ज्याला लगेच खात्री हवी त्याने स्वतः एक पिंग करावं. आता याला आळस म्हणा किंवा प्रामाणिकपणा.

मात्र एक गंमत. मोंगोला नुसतं पिंग करायला ओळख लागतच नाही. पण तुम्ही क्लायंटला नाव-पासवर्ड दिला असेल तर ते पिंग ज्या कनेक्शनवरून जाणार ते उघडतानाच ओळखपरेड होते, म्हणून चूक सापडते.

डीबीए_बापू | सोमवार, रात्री १२:०५

आळस!

सुगरण_पण_इंजिनियर_नाही | सोमवार, सकाळी ७:४०

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण बाईंच्या वीस मिनिटांचं फार वाईट वाटलं. माझा भाबडा प्रश्न: नेट बँकिंगमध्ये आत जाताना पासवर्ड देतोच ना? मग पैसे पाठवताना अगदी शेवटी पुन्हा ओटीपी का? आणि तो नेमका मोबाइल दुसऱ्या खोलीत असतानाच का येतो?

ऑडिटची_आत्या | सोमवार, सकाळी ९:१२

@सुगरण, भाबडा अजिबात नाही, नेमका मुद्द्याचा आहे. आत येतानाचा पासवर्ड 'तुम्ही कोण' हे सांगतो. शेवटचा ओटीपी 'हेच पैसे, याच खात्यात, तुम्हीच पाठवताय ना' हे विचारतो. मधल्या अर्ध्या तासात तुम्ही चहा करायला उठला असाल आणि खुर्चीत भाचा बसला असेल. दुसऱ्या खोलीतल्या मोबाइलवर मात्र माझ्याकडे उपाय नाही.

यावरून धागाकर्त्यांना एक सांगते. सुरुवातीला तपासलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आमच्याकडचा किस्सा. एकाने शुक्रवारी राजीनामा दिला. दुपारी बाराला त्याच्या डेटाबेस युजरचं लॉगिन बंद केलं, मेल गेला, कागदावर सह्या झाल्या. संध्याकाळी सहाला मी सहज चालू सेशन्सची, म्हणजे उघड्या कनेक्शनांची, यादी काढली, तर हे महाशय अजून आत! सकाळी उघडलेली डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या प्रोग्रॅमची खिडकी तशीच चालू. पोस्टग्रेसमध्ये लॉगिन काढून घ्या, पासवर्ड बदला, मुदत संपवा, यातलं काहीही चालू सेशनला शिवत नाही. ते वेगळं तोडावं लागतं. त्या दिवशी चौकशीत काही वावगं निघालं नाही, पण सहा तास उघडं दार म्हणजे ऑडिटच्या भाषेत सहा तास उघडंच.

अधिकारांचं मात्र तसं नाही. टेबलावरचा अधिकार रिव्होक केला, म्हणजे काढून घेतला, की त्याच सेशनच्या पुढच्या क्वेरीलाच नकार मिळतो. ओळख दारात एकदा, अधिकार दर कामाला.

लालपरी | सोमवार, सकाळी ९:३०

म्हणजे पास फलाटावर, आणि फर्स्ट क्लासच्या डब्यात वेगळा टीसी.

कोपऱ्यातली_खुर्ची | सोमवार, सकाळी ९:४१

लालपरी, रेल्वे सोडा हो आता.

@आत्या, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अजून खुमासदार आहे. टेबलाचा किंवा कॉलमचा अधिकार बदलला तर पुढच्या विनंतीला लागू. पूर्ण डेटाबेसचा बदलला तर पुढच्या वेळी 'यूज' म्हणून तो डेटाबेस निवडाल तेव्हा. आणि सगळीकडे चालणारा अधिकार किंवा पासवर्ड बदलला, तर पुढच्या नव्या कनेक्शनला. एकाच घरात तीन घड्याळं.

पॉडवाला | सोमवार, दुपारी १:१५

बापूंच्या 'लगेच वाजवा'शी असहमत. निदान सर्व्हिसेसच्या, म्हणजे समोर माणूस नसताना मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, बाबतीत.

आमच्या टीमने हाच उपदेश मनावर घेतला होता. प्रत्येक सर्व्हिस सुरू होताना डेटाबेस गाठणार, नाही जमलं तर मरणार. एका रात्री डेटाबेस देखभालीसाठी पाच मिनिटं खाली गेला. त्याच वेळी नवं डिप्लॉयमेंट (नवी आवृत्ती बसवणं) चाललेलं. चाळीस पॉड (सर्व्हिसच्या चालत्या प्रती) उठतायत, मरतायत, पुन्हा उठतायत. पॉड सांभाळणारा कुबरनेटीस दर मरणानंतर थांबा दुप्पट करत नेतो, १० सेकंद, २०, ४०, असं करत पाच मिनिटांपर्यंत. डेटाबेस परत आला तरी आमचे पॉड रुसून बसलेले. पाच मिनिटांची देखभाल, पंधरा मिनिटांची शांतता. त्यातले कित्येक पॉड तर असे होते की ज्यांना पहिला तासभर डेटाबेस लागतच नाही!

तेव्हापासून आमच्याकडे नियम: उठायला डेटाबेस लागत नाही. लागेल तेव्हा जोडू, नाही जुळलं तर 'अजून तयार नाही' असं सांगू.

डीबीए_बापू | सोमवार, दुपारी २:०२

पॉडशेठ, तुम्ही दोन वेगळी दुखणी एका गोळीने बरी करताय. सर्व्हर सापडत नाही, हे पोटदुखीसारखं आहे, थांबलं तर बरं होतं. पासवर्ड चुकीचा आहे, हे थांबून बरं होत नाही. पहिल्यात वाट बघा, पुन्हा पुन्हा वाजवा, माझी ना नाही. दुसऱ्यात पुन्हा वाजवणं हा गुन्हा आहे. का, ते सांगतो. लांबण लागेल, चहा घ्या.

एका बँकेत होतो. डेटाबेस ओरॅकल. तिथे ११जी आवृत्तीपासून मूळ प्रोफाइलमध्ये (युजरसाठीच्या नियमांच्या संचात) पासवर्डची मुदत १८० दिवस. ॲप्लिकेशनच्या युजरचीही मुदत भरत आली, म्हणून रात्री एक वाजता पासवर्ड बदलायचं ठरलं. ॲप्लिकेशनचे सर्व्हर पाच, पाचही ठिकाणी नवा पासवर्ड टाकला, रिस्टार्ट केलं, चकाचक. दीड वाजता घरी.

सहावा सर्व्हर होता. रिपोर्टसाठी कोणीतरी कधीतरी उभा केलेला, कुठल्याच यादीत नसलेला. त्याच्या पूलमध्ये (पुन्हा पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) जुनी कनेक्शनं उघडी होती आणि ती मजेत चालत होती, कारण ओळख दारातच पटलेली. आत्या म्हणतात तेच. पण पूल दर कनेक्शनला ठरावीक वयानंतर निवृत्त करतो, हिकारी या पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीत न बदलल्यास तीस मिनिटं. दोनच्या सुमारास पहिलं कनेक्शन निवृत्त झालं. पूलने नवं उघडायला घेतलं, जुन्या पासवर्डने. ओआरए-०१०१७, नाव-पासवर्ड चुकीचा. पूल म्हणाला, हरकत नाही, पुन्हा. पुन्हा. पुन्हा.

त्याच प्रोफाइलमध्ये चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा १०. ती भरायला किती वेळ लागला असेल? मिनिटही नाही. त्यानंतर ओआरए-२८०००, खातं कुलूपबंद. आणि कुलूप सर्व्हरला नसतं, युजरला असतं. म्हणजे योग्य पासवर्ड असलेले पाच शहाणे सर्व्हरही बाहेर. त्यांची उघडी कनेक्शनं चालू होती, म्हणून लगेच कळलं नाही. जसजशी एकेक निवृत्त होत गेली तसतसा पूल आटत गेला. पहाटे साडेतीनला फोन.

मी कुलूप काढलं. अर्ध्या मिनिटात पुन्हा लागलं. पुन्हा काढलं, पुन्हा लागलं. तिसऱ्या वेळी डोकं चाललं, ऑडिट ट्रेलमध्ये १०१७ वाल्या ओळी काढल्या. सगळ्या एकाच यंत्राच्या नावावर. ते यंत्र कुठे ठेवलंय हे शोधायला सकाळचे सात वाजले. मधल्या वेळात त्याचा पत्ता नेटवर्कवरच अडवला, म्हणून बाकीचं सुरू झालं.

त्या पूलने '१०१७ आली, मी गप्प बसतो, माणसाला बोलवा' एवढं केलं असतं तर माझी झोप झाली असती.

अजगरबुवा | सोमवार, दुपारी २:२०

_/\_

रुमालराव | सोमवार, दुपारी २:२६

याचसाठी रुमाल टाकला होता.

पॉडवाला | सोमवार, दुपारी ३:०५

मान्य. दोन एरर वेगळ्या धरायला हव्यात, आम्ही सरसकट 'नाही जुळलं' म्हणत होतो. आजच तपासतो.

तुमच्या किस्स्यावर आता उतारे आलेत म्हणा. मायएसक्यूएल ८.०.१४ पासून एका युजरला दोन पासवर्ड ठेवता येतात, जुना आणि नवा, सगळे सर्व्हर बदलून झाले की जुना टाकून द्यायचा. ओरॅकलनेही २१सी आवृत्तीत तसं आणलं, आधीच्या १९ च्या पुढच्या अपडेटमध्येही दिलं. जुना-नवा काही दिवस एकत्र नांदतात.

डीबीए_बापू | सोमवार, दुपारी ३:११

नांदतात, पण सहावा सर्व्हर माहीतच नसेल तर मुदत संपल्यावर तेच भांडण.

गोफणवाला | सोमवार, दुपारी ४:००

अवांतर: ओरॅकलचा जगप्रसिद्ध युजर स्कॉट, पासवर्ड टायगर. स्कॉट हे सुरुवातीच्या काळातल्या प्रोग्रॅमरचं आडनाव आणि टायगर ही त्यांच्या मुलीची मांजर. एका मांजरीच्या नावाने किती डेटाबेस उघडे राहिले असतील.

सुगरण_पण_इंजिनियर_नाही | सोमवार, दुपारी ४:१०

आमच्या वायफायचा पासवर्ड आमच्या बोक्याचं नाव आहे. आता बदलू का?

ऑडिटची_आत्या | सोमवार, दुपारी ४:१५

बदला. पासवर्ड, बोका नव्हे.

कोपऱ्यातली_खुर्ची | सोमवार, संध्याकाळी ६:३०

मूळ विषयाकडे येतो. क्लायंट बनवणाऱ्यांनी या प्रश्नाचा किती बारीक विचार केलाय त्याची दोन उदाहरणं.

ओरॅकलचा एसक्यूएल प्लस तुम्हाला नाव-पासवर्ड विचारतो, चुकलात तर पुन्हा विचारतो, तीन संधी देऊन बाहेर काढतो. माणसासाठी उत्तम. पण रात्रीच्या स्क्रिप्टमधून चालवलात तर पासवर्ड चुकल्यावर तो पुन्हा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसू शकतो, आणि उत्तर द्यायला तिथे कोणी नसतं. म्हणून त्यात 'एल' नावाचा पर्याय आहे: एकदाच प्रयत्न, नाही जमलं तर निघ.

दुसरं पोस्टग्रेसचं पीएसक्यूएल. तुम्ही पासवर्ड दिला नसेल तर तो आधी तसाच जाऊन दार वाजवतो. सर्व्हर पासवर्ड मागतो, मग हा कनेक्शन सोडून तुमच्याकडे येतो, पासवर्ड विचारतो आणि नव्याने दार वाजवतो. एक फेरी फुकट. कनेक्शनांची नोंद चालू असेल तर लॉगमध्ये एका लॉगिनसाठी 'कनेक्शन आलं' ही ओळ दोनदा दिसते. डब्ल्यू हा पर्याय दिलात तर आधीच विचारून एकाच फेरीत जातो. आमच्या एका नव्या मुलाने त्या दुहेरी ओळी बघून कोणीतरी घुसखोरी करतंय म्हणून अख्ख्या मजल्याला उठवलं होतं.

सातारी_कंदी | मंगळवार, रात्री ९:४८

सगळ्यांचे आभार. दोन दिवस कोडात बुडालो होतो. काय केलं ते सांगतो.

लॉगिनचं बटण दाबलं की लगेच कनेक्शन. पोस्टग्रेसकडून २८पी०१ आलं, म्हणजे पासवर्ड चुकला, तर त्याच चौकटीत तसं सांगायचं आणि थांबायचं, आपणहून दुसरा प्रयत्न नाही. सर्व्हर सापडलाच नाही, किंवा ५७पी०३ म्हणजे तो अजून उठतोय, तर 'लाइन नाही, अर्ज भरून ठेवा, नंतर पाठवू' असं म्हणून आत सोडायचं. पॉडवाले आणि बापू दोघांचंही ऐकलं.

आणि सेव्हच्या वेळी पासवर्ड अडला तर फॉर्म जागच्या जागी राहणार, वर छोटी चौकट येणार. शिवाय अर्ज दर मिनिटाला मशिनवर जतन. लॉगिनच्या चौकटीत कॅप्स लॉकचा दिवाही लावला.

डीबीए_बापू | मंगळवार, रात्री १०:३०

छान. एकच विचारतो. डॉटनेटमध्ये आहात म्हणजे पोस्टग्रेसशी जोडायला एनपीजीएसक्यूएल असणार, आणि त्यात पूलिंग मुळातच चालू असतं. लॉगिनच्या वेळी 'ओपन' केल्यावर जे मिळतं ते खरंच नवं कनेक्शन असतं का?

सातारी_कंदी | मंगळवार, रात्री १०:३४

पासवर्ड कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (जोडणीचा तपशील देणाऱ्या ओळीत) आहे आणि पूल स्ट्रिंगनुसार वेगळा. चुकीचा पासवर्ड टाकला तर स्ट्रिंग वेगळी, पूल वेगळा, म्हणजे नवं कनेक्शन. तपासलंय.

डीबीए_बापू | मंगळवार, रात्री १०:३७

चुकीचा नव्हे. *जुना* टाकून बघा. लॉगिन करा, लॉगआउट करा, मी मागून सर्व्हरवर पासवर्ड बदलला असं समजा, आणि प्रोग्रॅम बंद न करता जुन्याच पासवर्डने परत या.

सातारी_कंदी | मंगळवार, रात्री ११:१६

बापू…

आत गेलो. जुन्या पासवर्डने. स्ट्रिंग तीच, पूलमध्ये मघाचं कनेक्शन रिकामं पडलेलं, त्याने तेच हातात दिलं. सर्व्हरला विचारलंच नाही. चहा करून सातेक मिनिटांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा नकार आला, कारण रिकामं कनेक्शन तो पाच मिनिटांनंतर टाकून देतो.

ऑडिटची_आत्या | मंगळवार, रात्री ११:२०

म्हणजे मी काढलेला माणूस पाच मिनिटांत परत आला तर तुम्ही त्याचं स्वागत करणार होतात.

लालपरी | मंगळवार, रात्री ११:२२

काल उतरलेल्या प्रवाशाच्या जागेवरचा रुमाल… (थांबतो.)

सातारी_कंदी | बुधवार, रात्री १२:४०

केलं. लॉगिनच्या खात्रीचं कनेक्शन आता पूलिंग बंद करून उघडतो आणि लगेच मिटतो. लॉगआउटला त्या युजरचा पूल रिकामा. पुन्हा तोच प्रयोग केला, पहिल्याच फटक्याला २८पी०१. उद्या शाखेत जाऊन बसवतो.

सातारी_कंदी | गुरुवार, दुपारी १२:५५

बसवून आलो. बाईंना कॅप्स लॉकचा दिवा आवडला. बाकी कशातच त्यांना रस नव्हता. फक्त विचारलं, तो परवाचा बांगड्यांचा अर्ज परत मिळेल का.

नाही मिळणार. मग मी शेजारी बसून वजनं वाचली आणि त्यांनी टंकली.